खडकावरची ती खूण कुणाची? जीवाश्म आणि माग ओळखायला शिकताना

पावसाळा सरला की माझ्या फोनवर दगडांचे फोटो यायला लागतात. कुणी ट्रेकला जाऊन आलेलं असतं, कुणाच्या विहिरीच्या खोदकामात गोल गोटा निघालेला असतो, कुणाच्या नव्या फरशीवर नेच्याचं पान उमटल्यासारखं दिसत असतं. प्रश्न बहुतेक एकच असतो: "ताई, हा कशाचा जीवाश्म?"

गेली सोळा वर्षं मी शाळकरी मुलांना आणि हौशी मोठ्यांना दगड दाखवायला नेते, आणि या प्रश्नाचं उत्तर लगेच देत नाही. उलट विचारते: दगड कुठला? तो तिथलाच की वाहून आलेला? खूण त्याच्या अंगावर आहे की अंगात? या सगळ्यानंतर "कशाचा" हा प्रश्न येतो. क्रम उलटा झाला की डोळे आपल्याला हवं ते दाखवायला लागतात. म्हणून मी इथे ज्या क्रमाने सांगते आहे, त्याच क्रमाने जा.

पहिली पायरी: खूण सोडा, आधी खडक ओळखा

महाराष्ट्राची सुमारे चार-पंचमांश जमीन बेसॉल्टची, म्हणजे आपल्या काळ्या कातळाची. हा खडक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तापलेल्या लाव्हारसात शंख-शिंपले राहत नाहीत, त्यावर कुणी पावलं उमटवत फिरत नाही. त्यामुळे सिंहगडावर, राजगडावर किंवा घाटातल्या कड्यावर काही विचित्र दिसलं, तर पहिला अंदाज "जीवाश्म नसावा" असाच ठेवा.

पण इथे एक गंमत आहे. लाव्हा एका दमात आला नाही. दोन उद्रेकांच्या मध्ये बराच काळ जायचा, तळी साचायची, त्यांत गाळ बसायचा, गोगलगायी आणि वनस्पती नांदायच्या, आणि मग पुढचा लाव्हा येऊन ते सगळं झाकून टाकायचा. हे गाळाचे पातळ थर नागपूर-वर्धा भागात आणि मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे मिळतात. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी 1850 च्या दशकात नागपूरजवळच्या टाकळीतल्या अशाच थरांतून जीवाश्म जगापुढे आणले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज याच हिस्लॉपच्या नावाचं. तेव्हा काळ्या कातळाच्या मुलखात फिरताना दोन कातळांमध्ये फिकट, पातळ थरांचा, चिवट गारेसारखा पट्टा दिसला, तर तिथे थांबा.

बाकी महाराष्ट्रात मोठी आशा पूर्व विदर्भात. उमरेड-चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खडकांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झालेल्या वनस्पतीची पानं असतात. वरोऱ्याच्या परिसरात डायनासोरच्या काळातला गाळ आहे. सिरोंचाजवळ वडधमला जीवाश्म उद्यानच आहे, तिथे दगड झालेले ओंडके पाहता येतात. गोदावरी, प्रवरा, घोड या नद्यांच्या काठच्या जुन्या गाळात हत्तीसारख्या प्राण्यांची हाडं आणि दात मिळाले आहेत. कोकण किनाऱ्यावर शंख-शिंपल्यांची वाळू घट्ट होऊन झालेला खडक आहे, त्याला तिकडे करल म्हणतात. त्यातले शिंपले खरेच, पण भूशास्त्राच्या हिशेबात अगदी कालपरवाचे.

आपण उभे आहोत तिथला खडक कुठला, हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश या संकेतस्थळावरच्या नकाशात पाहता येतं. घरून निघण्यापूर्वी एकदा पाहून घ्या. अर्धी कोडी तिथेच सुटतात.

दुसरी पायरी: हातोडी घरी ठेवा, उजेड बरोबर घ्या

नवख्या माणसाने हातोडी नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. लागतं ते इतकंच: दहापट मोठं दाखवणारं भिंग, प्लास्टिकची छोटी पट्टी, मऊ ब्रश, पाण्याची फवारणीची बाटली, वही आणि एक चांगली बॅटरी. फोटोत मापासाठी नाणं ठेवायची सवय असते, पण एकाच किमतीच्या नाण्यांचे आकार वर्षागणिक बदलले आहेत. पट्टीच ठेवा.

बॅटरीचं काम मोठं आहे. भर दुपारच्या उन्हात खडक सपाट दिसतो. सकाळी सातला किंवा मावळतीला तोच खडक बोलायला लागतो, कारण तिरप्या उजेडात प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. दुपारीच तिथे असाल तर छत्रीने सावली करा आणि बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने मारा. मग ती चारही बाजूंनी फिरवा. कच्छमध्ये एका वालुकाश्माच्या फरशीवर मला अर्धा तास काहीच दिसत नव्हतं. बॅटरी आडवी धरली आणि बोटाएवढ्या जाड, एकमेकींवरून गेलेल्या दोऱ्यांचं जाळं उभं राहिलं. फोटो काढताना प्रत्येक दिशेच्या उजेडात एकेक काढा. एका दिशेच्या उजेडात खड्डा हा उंचवटा वाटू शकतो, आणि फोटो पाहणारा फसतो.

पाणी फवारल्यावर रंगातला फरक उठून दिसतो. खूण पुसट होऊन गेली किंवा बोटाने खरवडून निघाली, तर ती बहुधा दगडफूल किंवा शेवाळ. मसाल्यात पडणाऱ्या दगडफुलाच्या जातभाईंची गोल गोल वर्तुळं कातळावर इतकी नेटकी असतात की भलेभले फसतात.

तिसरी पायरी: बहुरूपी ओळखा

जीवाश्म ओळखणं म्हणजे अर्धंअधिक काम जीवाश्म नसलेलं बाजूला काढण्याचं. आपल्याकडे भेटणारे बहुरूपी सांगते.

सगळ्यांत देखणा बहुरूपी म्हणजे दगडावरचं नेचं. काळ्या-तपकिरी रंगाची, नाजूक फांद्यांची नक्षी. ही वनस्पती नाही. खडकाच्या फटीत पाणी झिरपताना मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडं फांद्या फुटल्यासारखी साचत जातात, त्याला डेंड्राइट म्हणतात. शेवाळी अकीकाच्या आतलं 'शेवाळ'ही याच जातीचं. भारतातून निर्यात होणारा एक फिकट वालुकाश्म ब्रिटनमध्ये 'फॉसिल मिंट' या नावाने विकला जातो. तिकडच्या मराठी घरांच्या अंगणात तो असेल तर वाकून पाहा: त्यावरची बहुतेक 'पानं' डेंड्राइट आहेत.

फरक कसा करायचा? खऱ्या पानाला कड असते, बहुधा मधली शीर असते, आणि ते थराच्या पातळीत पसरलेलं असतं, कारण ते चिखलावर पडलं आणि वर चिखल बसला. ग्लॉसोप्टेरिसचं पान जिभेच्या आकाराचं. मधून ठळक शीर, दोन्ही बाजूंना शिरांचं जाळं, आणि भिंगाखाली ते जाळं स्पष्ट मोजता येतं. डेंड्राइटला कड नाही, मधली शीर नाही. तो एखाद्या भेगेच्या रेषेपासून फुटायला लागतो, आणि थराला छेदून गेलेल्या फटीवरही खुशाल वाढतो.

दुसरा बहुरूपी अंड्याचा. कातळ कुजताना कोपरे आधी झिजतात, मग आत गोल गाभा राहतो आणि भोवती कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. रस्त्यासाठी डोंगर कापला की असे गोळे रांगेने दिसतात. माझ्याकडे आलेल्या 'डायनासोरच्या अंड्यां'पैकी निम्म्याहून जास्त हेच असतात. अंड्याला कवच एकच असतं आणि ते पातळ, एक-दोन ते फार तर तीन-चार मिलिमीटरचं. कांद्याला पापुद्र्यामागून पापुद्रे. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात टायटॅनोसॉर या लांब मानेच्या डायनासोरांची 92 घरटी आणि 256 अंडी नोंदवल्याचं 2023 मध्ये प्रसिद्ध झालं. ती अंडी साधारण 15 ते 17 सेंटिमीटर व्यासाची, एकेका घरट्यात जवळजवळ बसलेली, आणि चुनखडीच्या गाळात होती. बेसॉल्टमधून निघालेला फुटबॉलएवढा गोळा त्या गोतावळ्यातला नाही.

तिसरा बहुरूपी हाडांचा. लाव्हाच्या थराच्या तळाशी वाफेच्या उभ्या नळ्या तयार होतात आणि पुढे त्यांत पांढरी खनिजं भरतात. कड्यात पांढऱ्या कांड्या ओळीने उभ्या दिसतात, आणि कुणालाही त्या बरगड्या किंवा किड्यांची बिळं वाटतील. नळीच्या आत भिंगाने पाहा: झिओलाइटचे किंवा गारेचे चकाकते स्फटिक दिसले, तर तो लाव्हाचा श्वास. जांभ्यातल्या वेड्यावाकड्या भोकांचंही तसंच. ती झिजेतून आणि लोहाच्या साचण्यातून होतात, अळ्यांनी पोखरलेली नसतात.

बाकीचे भरभर सांगते. पीळ पडलेल्या दोरखंडासारखा कातळ म्हणजे लाव्हाची सुरकुतलेली साय. घाटरस्त्यालगतच्या सरळ, अर्धगोल पन्हळी सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांच्या. कुकडीकाठच्या निघोजचे रांजणखळगे गोट्यांनी आणि पाण्याने कोरलेले. आणि कोकणातल्या सड्यावर खोदीव रेषा दिसल्या तर पाऊल जपून टाका: उक्षी, बारसू, कशेळी इथल्यासारखं ते कातळशिल्प असू शकतं. ती माणसाची खूण, आणि तिची नोंद पुरातत्त्वाच्या माणसांकडे जायला हवी.

चौथी पायरी: माग वाचायला शिका

प्राणी स्वतः उरला नाही, पण त्याचं चालणं, सरपटणं, खोदणं, खाणं दगडात राहिलं, अशा खुणांना ट्रेस फॉसिल म्हणतात. मी त्यांना माग म्हणते, कारण करायचं असतं ते माग काढण्याचंच काम.

याचा पहिला धडा कोकणच्या किनाऱ्यावर घ्या. ओहोटीला पुळणीवर उकिडवे बसा आणि हलू नका. पाच मिनिटांत छोटे खेकडे बिळांतून वर येतात. एकेक जण वाळू तोंडाशी नेतो, त्यातलं खाण्याजोगं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी मागे टाकतो. थोड्या वेळात बिळाभोवती गोळ्यांच्या किरणांसारख्या ओळी तयार होतात. शेजारी चालल्याच्या टोकेरी ठिपक्यांच्या रांगा, आणि मध्ये खाली गेलेलं बीळ. एकच खेकडा, तीन तऱ्हेच्या खुणा. उलट बाजूने, अगदी वेगवेगळे प्राणी एकसारखं बीळ करतात. म्हणूनच मागांना दिलेली शास्त्रीय नावं प्राण्याची नसतात, आकाराची असतात. "हा ऑफिओमॉर्फा आहे" याचा अर्थ इतकाच, की गोळ्यांचं अस्तर असलेलं, बाहेरून मक्याच्या कणसासारखं खडबडीत बीळ. कच्छच्या वालुकाश्मांत ती सुरेख दिसतात. आज तसं बीळ कोळंबीच्या कुळातले काही प्राणी करतात, त्यामुळे तेव्हाही तसंच कुणीतरी असावं, एवढंच म्हणता येतं.

आता समोर लांबट, दोरीसारखी खूण आहे असं समजा. जाडी मोजा, सुरुवातीला, मध्ये, शेवटी. बिळाची जाडी बहुधा सारखी राहते, कारण आतला प्राणी तेवढाच जाड. मुळाची जाडी फाट्यागणिक कमी होत जाते. मग आडवा छेद शोधा, कडेला दगड फुटलेला असतोच. बिळात भरलेला गाळ भोवतालच्या दगडापेक्षा रंगाने किंवा कणांनी वेगळा असतो. वाळलेल्या चिखलाच्या भेगेचा छेद वर रुंद आणि खाली निमुळता. शिवाय भेगा एकमेकींना भिडून चौकोन-षट्कोन करतात, आणि एक भेग दुसरीच्या वरून जात नाही. बिळं मात्र एकमेकांच्या वरून, खालून, मधून खुशाल जातात. नदीकाठच्या गाळातून हाडांसारख्या पांढऱ्या, पोकळ कांड्या निघतात. त्या पुष्कळदा मुळांभोवती साचलेल्या चुन्याच्या नळ्या असतात. हाड नसलं तरी तोही झाडाचा मागच, तो फेकू नका.

पावलांबद्दल फार कडक राहा. एकटा खळगा म्हणजे पाऊल नव्हे. डावं-उजवं, डावं-उजवं अशी ओळ हवी, दोन पावलांतलं अंतर थोड्याफार फरकाने सारखं हवं, आणि वजनाने चिखल बाजूला सरकून झालेली कड दिसायला हवी. पावलाखालचे पातळ थर दबून वाकलेले दिसले तर फारच उत्तम.

पाचवी पायरी: अंगाचेच अवशेष असतील तर

शंख-शिंपल्यांसाठी नजर तयार करायला देवघरात जा. तुळशीच्या लग्नात मांडतो तो शाळिग्राम नेपाळच्या काली गंडकीच्या पात्रातला, आणि चक्रांकित शाळिग्रामातलं चक्र हे ज्युरासिक काळातल्या अमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याच्या शंखाचं आहे. वडीलधाऱ्यांना विचारून भिंगाखाली पाहा. वेटोळं आतून बाहेर ठरावीक गतीने रुंदावत जातं, आणि त्यावर बरगड्यांसारख्या उभ्या रेघा नियमित अंतराने येतात. ही नियमितता डोळ्यांत एकदा बसली, की गारगोटीतली रंगांची वर्तुळं तुम्हाला फसवणार नाहीत.

हाडासाठी तुटलेला भाग पाहा. बाहेर घट्ट थर आणि आत स्पंजासारखी जाळी, ही जोडी हवी. दगड जिभेला चिकटला तर हाड, असं सांगतात. मी ही परीक्षा शिकवत नाही, कारण सच्छिद्र मातीही जिभेला चिकटते, आणि रानातला दगड तोंडात घालायचा नसतो. लाकडात उभे तंतू आणि छेदात छिद्रांची मांडणी दिसते. चुन्याचा संशय असेल तर बाजूच्या मोकळ्या खड्याची पूड करून तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाका, फसफसलं तर चुना. हे जीवाश्मावर कधीच करू नका.

आणि विष्ठेचा जीवाश्म. मुलं हसतात, पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या अशा जीवाश्मांनी विज्ञानाला मोठी बातमी दिली. त्यांत गवताचे सिलिकेचे सूक्ष्म कण सापडले. डायनासोरांच्या काळी गवत होतं, हे 2005 मध्ये त्यावरून पुढे आलं. टोकाशी निमुळता, अंगावर घड्या-दाब असलेला, आत खाल्ल्याचे तुकडे असलेला गोळा शोधायचा. नुसता लांबट गोटा पुरत नाही. तिथून जवळच डोंगरगावला 1984 ते 1986 या वर्षांत खणून काढलेल्या डायनासोरच्या सांगाड्यालाच आज इसिसॉरस म्हणतात.

सहावी पायरी: पुन्हा त्याच जागी जा

ही पायरी लोक गाळतात, आणि भीमबेटकाची हकिगत मला त्यासाठीच सांगायची आहे. मार्च 2020 मध्ये काही भूवैज्ञानिक भोपाळजवळच्या भीमबेटकाला गेले होते. तिथल्या ऑडिटोरियम गुहेच्या छतालगत, माणसाच्या उंचीच्या बऱ्याच वर, त्यांना पानासारखी खूण दिसली. मध्ये रेघ, दोन्ही बाजूंना पट्ट्या. डिकिन्सोनिया या 55 कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याशी ती हुबेहूब जुळत होती. 2021 मध्ये शोधनिबंध आला, जगभर बातम्या झाल्या. पुढे दुसरा गट त्याच जागी गेला तर ती खूण कुजून, सोलवटून निघत होती. आसपास आग्या मोहोळं होती. खूण जुन्या पोळ्याच्या मेणाची निघाली. 2023 मध्ये हे छापून आलं, आणि मूळ निबंधाच्या लेखकाने चूक मान्य केली.

मला या प्रकरणात कुणाची फजिती दिसत नाही. उंचावर होती म्हणून खूण हाताळता आली नाही, वारसास्थळ म्हणून तुकडा काढता आला नाही, फोटोवर भिस्त ठेवावी लागली. जे आपल्याला नेहमीच करावं लागतं, तेच त्यांनी केलं. फरक पडला तो पुन्हा जाण्याने. एक पावसाळा मध्ये जाऊ द्या आणि त्याच कोनातून, त्याच उजेडात परत फोटो काढा. दगडातली खूण दोन वर्षांत सोलवटत नाही.

सातवी पायरी: नोंद, आणि मग विचारणं

एका विद्यार्थ्याने मला फार सुंदर दगड आणून दिला होता. गारेसारख्या कठीण तुकड्यात सहा-सात गोगलगायी, एकीचा तर तोंडाचा कंगोराही शाबूत. "कुठे मिळाला?" तर, "मामांच्या गावाकडून येताना, गाडी थांबवली होती तिथे." मामांना जागा आठवेना. तो दगड आजही माझ्या कपाटात आहे, आणि तो कुठल्या थरातला, त्याच्या वर-खाली काय होतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही. त्या मुलाला वाईट वाटू नये म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही, पण तेव्हापासून पहिल्याच फेरीत सांगते: दगड जागेवर ठेवा, जागा घरी आणा.

वहीत हे लिहा: तारीख, गाव-तालुका, फोनवरचे अक्षांश-रेखांश, खडकाचा रंग आणि कण, खूण थराच्या वरच्या बाजूला की खालच्या, दगड कातळाला जोडलेला की सुटा, खुणेची लांबी-रुंदी-जाडी, आणि तशा खुणा आणखी किती. तीन फोटो तरी हवेत: लांबून सगळा कडा, मधून थर, जवळून पट्टीसह खूण. एक साधं चित्रही काढा. चित्र काढताना हात जिथे अडतो, तिथे आपण नीट पाहिलेलं नसतं.

मग विचारा. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत जीवाश्मांवर काम चालतं, नदीकाठच्या हाडांसाठी डेक्कन कॉलेज, विदर्भासाठी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं नागपूर कार्यालय आणि तिथल्या विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग, वनस्पतींसाठी लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था. पत्रात "हे अंडं आहे का?" असं लिहू नका. काय दिसलं ते लिहा, आणि तुम्ही कोणकोणते बहुरूपी तपासून बाजूला काढले तेही लिहा. अशा पत्राला उत्तर यायची शक्यता कितीतरी जास्त. राखीव जंगलातून किंवा जीवाश्म उद्यानातून खडासुद्धा उचलायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

कधी उत्तर येईल, "सांगता येत नाही." ते मनाला लावून घेऊ नका. पॅलिओडिक्टिऑन नावाचा एक माग आहे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं षट्कोनी जाळं. तो कोट्यवधी वर्षांच्या जुन्या सागरी खडकांत सापडतो, आणि 1976 मध्ये अटलांटिकच्या तळाशी, सुमारे साडेतीन किलोमीटर खोलवर, तसंच ताजं जाळं दिसलं. पुढे पाणबुडी नेऊन ती जाळी उकरून पाहिली, तरी आत कुणी सापडलं नाही. तो कोण करतो, हे अजून उलगडलेलं नाही. तुमच्या वहीतही अशा नोंदीपुढे प्रश्नचिन्ह घाला, पान दुमडून ठेवा, आणि पुढच्या हिवाळ्यात सकाळचा उजेड तिरपा असताना परत जा.